लिंबाच्या पानांवरची नागअळी परत परत का येते, आणि फवारणीआधी काय काय तपासायचं

लिंबू, मोसंबी, संत्रं, ईडलिंबू, कुमक्वाट, कुठलंही लिंबूवर्गीय झाड असू दे, तक्रार एकच असते की पानांवर नक्षी उमटली, औषध मारलं, नवी पानं आली आणि त्यांच्यावरही तेच. हा त्रास मी स्वतःच्या आणि इतरांच्या झाडांवर पुष्कळ वेळा निस्तरलाय, आणि बहुतेक वेळा औषध वाईट नसतं, वेळ चुकलेली असते. म्हणून खाली सोप्या आणि फुकटच्या गोष्टी आधी लिहिल्यात, औषधं सगळ्यात शेवटी.

लक्षणं

कोवळ्या पानावर चंदेरी-पांढरी नागमोडी रेघ दिसते, गोगलगाय चालून गेल्यावर जसा चकचकीत माग राहतो तशी. रेघेच्या बरोबर मधून एक बारीक काळपट धागा जातो, ती अळीची विष्ठा. रेघ बहुतेक वेळा पानाच्या खालच्या बाजूला असते, पण किडीचा जोर वाढला की वरच्या बाजूलाही दिसते आणि कोवळ्या हिरव्या काडीवरसुद्धा. फळाच्या सालीवर क्वचितच.

पान आकसतं, वेडंवाकडं होतं, कडा आत वळतात. काठाला एक छोटीशी घडी पडलेली असते, ती उलगडली तर आत पांढरट रेशमाचं अस्तर आणि पिवळट-तपकिरी कोष सापडतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं लक्षण म्हणजे जुनी, जाड, गडद हिरवी पानं साफ असतात, खराब होतात ती फक्त नव्या फुटीची. जुन्या पानांवर रेघा दिसल्याच तर त्या ते पान कोवळं असतानाच्या असतात, आत्ताच्या नाहीत.

आता ही नागअळी नसेल तर काय असू शकतं तेही बघून घ्या, कारण निम्मे लोक इथेच चुकीचं औषध आणतात. पानाला भोकं पडलीत किंवा पानच अर्धं खाल्लंय, तर ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी, नागअळी पानाला आरपार भोक पाडत नाही. पानं चिकट झालीत आणि मुंग्यांची ये-जा चालू आहे, तर मावा, सिला किंवा पिठ्या ढेकूण अशी रस शोषणारी कीड, कारण चिकट गोड पाणी नागअळी सोडतच नाही. शेंड्यावर बारीक पिवळट पिल्लं आणि पांढरे मेणाचे वळलेले धागे दिसले तर तो सिला, आणि सिला असेल तर सरळ शेवटचा भाग वाचा. रेघ नाहीच, नुसत्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तर तो अन्नद्रव्यांच्या कमतरतेचा प्रश्न. आणि टोमॅटो, वाल, घेवडा यांच्या पानांवर दिसणाऱ्या तशाच रेघा बहुतेक वेळा एका बारीक माशीच्या अळीच्या असतात, ती माशी वेगळी, तिचे कोष मुख्यतः मातीत पडतात, त्यामुळे इथलं काहीही तिला लागू होणार नाही.

किडा नक्की करतो काय

हा भाग कंटाळा न करता वाचा, पुढची प्रत्येक तपासणी यावरच उभी आहे.

नागअळी ही एका पतंगाची अळी. त्याचं शास्त्रीय नाव फिलोक्निस्टिस सिट्रेला, स्टेन्टन या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने 1856 साली कोलकात्याच्या नमुन्यांवरून त्याचं वर्णन केलं. पतंग इतका लहान की पंख पसरून जेमतेम 4 मिलिमीटर भरतो. अंग चंदेरी पांढरं, पुढच्या दोन्ही पंखांच्या टोकाला एकेक काळा ठिपका. दिवसा तो गप बसून असतो, मीलन पहाटेच्या सुमारास आणि अंडी घालणं संध्याकाळनंतर, म्हणून लोकांना पतंग दिसतच नाही आणि कीड अचानक कुठून आली असं वाटतं.

मादी अंडं घालताना पान निवडते, आणि तिला पाहिजे असतं अगदी कोवळं, साधारण 1 ते 2 सेंटिमीटर लांबीचं पान. मधल्या शिरेजवळ, जास्त करून खालच्या बाजूला, एकेक सुटं अंडं. अंडं पारदर्शक आणि 0.3 मिलिमीटरचं, नुसत्या डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. हवामानाप्रमाणे 2 ते 10 दिवसांत ते उबतं आणि अळी बाहेर न पडता अंड्याच्या तळातूनच थेट पानात शिरते. म्हणजे ती पानाच्या पृष्ठभागावर एक क्षणही चालत नाही, आणि पृष्ठभागावर पडलेलं औषध तिला न लागण्याचं पहिलं कारण हे.

आत गेल्यावर ती पानाच्या सगळ्यात बाहेरच्या पेशींचा एक थर तेवढा फोडून त्यातला रस खाते. त्या थरावरचा पातळ पापुद्रा तसाच राहतो, त्याखाली हवा शिरते आणि म्हणून रेघ चंदेरी दिसते. हा पापुद्रा तिचं छप्पर असतो. तीन अवस्थांमध्ये खाणं चालतं, चौथ्या अवस्थेत खाणं बंद, फक्त रेशीम विणायचं. पूर्ण वाढलेली अळी 3 मिलिमीटरची, हिरवट पिवळी, पाय नाहीत. अळीचा हा सगळा काळ 5 ते 20 दिवसांचा. शेवटी ती पानाच्या काठाजवळ येते, रेशमाने कड ओढून घडी पाडते आणि त्या घडीत कोषात जाते. कोषाचे 6 ते 22 दिवस, मग पतंग.

पूर्ण चक्र गरम हवेत 13 दिवसांतही संपतं आणि थंडीत 52 दिवसांपर्यंत लांबतं. उबदार भागात ते वर्षभर थांबतच नाही. फक्त एक अट असते, प्रत्येक पिढीला कोवळं पान मिळालं पाहिजे. एकदा पान जाड झालं, वरचा थर कडक झाला, की मादी तिथे अंडी घालत नाही. झाडाला कोवळी पानं नसतील त्या काळात या पतंगाच्या हातात काहीच नाही.

म्हणजे बिघाड पानात नसतो, तो पालवी फुटण्याच्या पद्धतीत असतो. रेघ पडलेलं पान वाचवायच्या मागे लागायचं नाही, पुढची नवती, म्हणजे नवी पालवी, कशी सुखरूप निघून जाईल ते बघायचं.

पहिली तपासणी: कीड चालू आहे की होऊन गेली

खर्च शून्य. एक भिंग घ्या, नसेल तर फोनचा कॅमेरा झूम करा. रेघा पडलेलं सगळ्यात कोवळं पान तोडा, उजेडाकडे धरा आणि रेघेचं बारीक टोक सोडून रुंद टोक गाठा, कारण अळी जशी वाढते तशी रेघ रुंद होत जाते आणि अळी असली तर त्या रुंद टोकालाच असते. जिवंत अळी हिरवट पिवळी, ओलसर, जराशी पारदर्शक दिसते, आणि थोडा वेळ नजर ठेवली तर डोकं डावी-उजवीकडे हलवताना दिसते, तिच्या मागे विष्ठेचा तो काळा धागा सरळ मागे गेलेला असतो. सुईच्या टोकाने पापुद्रा उचलला तर तो कांद्याच्या आतल्या पापुद्र्याइतकाच पातळ असतो आणि सहज निघतो.

अशी पंधरा-वीस पानं वेगवेगळ्या फांद्यांवरची बघा. रुंद टोक रिकामं आणि काठाची घडी फाटलेली, आत कोषाचं रिकामं टरफल, तर पतंग उडून गेलेला आहे. पापुद्रा सुकून तपकिरी झालाय, फुटलाय, तर प्रकरण जुनं. अशा झाडावर आज कितीही महाग औषध मारलं तरी मारायला तिथे कोणी नाही. लोक नेमके याच वेळी फवारतात, कारण नक्षी तेव्हाच सगळ्यात ठळक दिसते.

दुसरी: पालवी कुठल्या टप्प्यात आहे

झाडाच्या चारी बाजूंनी शेंडे बघा. नवीन डोळे फुटताना दिसतायत का, पानं 1 सेंटिमीटरच्या आत आहेत का, की 4 सेंटिमीटरच्या वर जाऊन कडक व्हायला लागलीत? हे लिहून ठेवा, फोनमध्ये फोटो काढून ठेवा. दोन-तीन शेंड्यांना रंगीत दोरा बांधून ठेवलात तर अजून बरं, पुढच्या आठवड्यात त्याच शेंड्यावर नवीन रेघा आल्या का ते नक्की कळतं, नाहीतर सगळी पानं सारखीच वाटतात आणि माणूस अंदाजाने बोलतो.

पालवी कडक होत आली असेल तर काहीही न करणं हेच बरोबर उत्तर, पुढची फूट येईपर्यंत थांबा. मोसंबी-संत्र्याला नवती वर्षातून काही ठरावीक वेळा जोरात येते आणि मध्ये झाड शांत असतं, त्यामुळे तिथे हे जमतं. लिंबाच्या जातींना मात्र जवळजवळ सतत थोडी थोडी पालवी चालूच असते, म्हणून लिंबावर नागअळी जास्त छळते आणि एकाच वेळी अंडी, अळ्या, कोष, पतंग सगळं सापडतं. लिंबूवाल्यांनी एका फवारणीत प्रश्न मिटेल ही अपेक्षाच ठेवू नये.

तिसरी: झाडाचं वय

हे विचारलं की लोकांना वाटतं टाळाटाळ चाललीय, पण खरंच यावर सगळं ठरतं. 4 वर्षांपेक्षा मोठं, तब्येतीने चांगलं झाड नागअळी सहज पचवतं, त्याची वाढ किंवा फळ यावर लक्षात येईल असा परिणाम होत नाही. त्याच्याकडे जुन्या कडक पानांचा एवढा साठा असतो की नव्या फुटीचा थोडा भाग गेला तरी त्याचं काही अडत नाही. दिसायला वाईट दिसतं हे मान्य, पण दिसण्यासाठी औषध मारू नका असं मी अगदी मनापासून सांगतो.

लहान झाडाचं वेगळं. पहिल्या तीन-चार वर्षांत झाडाचा जवळजवळ सगळा पसारा नव्या पालवीचाच असतो, एकामागून एक नवती खराब झाली तर वाढ खुंटते. झाड मरत नाही सहसा, पण मागे पडतं. पुढच्या सगळ्या मेहनतीचा उपयोग मुख्यतः या लहान झाडांसाठी आणि रोपवाटिकेतल्या कलमांसाठी.

चौथी: तुमच्या आधी कोणी कामाला लागलंय का

पहिल्या तपासणीत पानं उघडलीच आहेत तर हेही बघून घ्या. अळी तपकिरी-काळी पडून सुकलीय का, किंवा रेघेच्या आत अळीच्या शेजारी बारीक काळे कोष दिसतायत का? ते बारीक परोपजीवी गांधीलमाश्यांचे कोष असतात, अगदी टाचणीच्या टोकाएवढ्या माश्या, माणसाला चावत नाहीत, नागअळीवर किंवा तिच्या आत अंडी घालतात आणि त्यांची पिल्लं तिला खातात. सिरोस्पिलस, सिट्रोस्टिकस अशा बऱ्याच जाती आहेत. त्यातली अॅजेनिअॅस्पिस सिट्रिकोला नावाची माशी तर नागअळीच्या अंड्यातच किंवा नुकत्या उबलेल्या अळीत आपलं अंडं घालते, त्या एका अंड्याचे पुढे अनेक गर्भ होतात, आणि नागअळी कोषात जायच्या बेतात आली की त्या घडीत पतंगाऐवजी माश्यांच्या कोषांची एक छोटी रांग सापडते. घडी उघडल्यावर ती रांग दिसली की मला फार बरं वाटतं, त्या झाडाचं पुढचं काम हलकं झालेलं असतं. फ्लोरिडामध्ये ही माशी 1994 साली ऑस्ट्रेलियातून आणून मुद्दाम सोडली होती.

याशिवाय क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या मित्रकीटकाच्या अळ्या, कोळी, मुंग्यासुद्धा नागअळ्या खातात. मेलेल्या, काळ्या पडलेल्या अळ्या बऱ्याच सापडत असतील तर फवारणी रद्द करा. सिंथेटिक पायरेथ्रॉइड किंवा तसलं सरसकट मारणारं औषध मारलं की माश्या आधी मरतात, नागअळी छपराखाली सुरक्षित राहते, आणि पुढची पिढी आधीपेक्षा जोरात येते. "औषध मारलं तेव्हापासून जास्तच वाढली" असं लोक म्हणतात त्यामागे बरेचदा हेच असतं.

पाचवी: आपणच तिला जेवण वाढतोय का

इथे थोडे कष्ट आहेत पण पैसे नाहीत, आणि माझ्या मते परत परत येणाऱ्या नागअळीचं खरं कारण सगळ्यात जास्त वेळा इथेच सापडतं.

खत बघा. नत्र जास्त, म्हणजे युरिया नाहीतर भरपूर नत्राचं कुठलंही खत थोडं थोडं सतत चालू असेल तर झाड सतत कोवळं फुटत राहतं. कीड जोरात असताना नत्र थांबवा. नंतर द्याल तेव्हा झाडाची फूट यायच्या मोसमाला धरून द्या, म्हणजे पालवी एकदम येईल आणि एकदम कडक होऊन जाईल. पाण्याचंही तसंच, ताण आणि भरपूर पाणी अशी आलटूनपालटून सवय लावली की दर वेळी पाणी मिळाल्यावर नवीन शेंडे फुटतात.

पानसोट बघा. खोडातून, जाड फांद्यांतून सरळ वर जाणारे रसरशीत फुटवे, ते भराभर वाढतात, पानं मोठी आणि कोवळी, पतंगाला याहून चांगली जागा नाही. ते काढून टाका. कलमाच्या सांध्याखालून, म्हणजे खुंटातून येणारे फुटवे तर तसेही काढायचेच असतात.

छाटणीबाबत मात्र हात आखडता घ्या. वर्षातून एकदाच, वेळ ठरवून. थोडी आज, थोडी पंधरा दिवसांनी अशी छाटणी केली की प्रत्येक कापाखालून वेगळ्या वेळी फूट येते आणि नागअळीला वर्षभर ताट वाढलेलं राहतं. आणि रेघा पडलेली पानं खराब दिसतात म्हणून तोडत बसू नका, हे मी ठासून सांगतो. त्या पानाचा उरलेला हिरवा भाग झाडासाठी अन्न तयार करतच असतो, लहान झाडाची अशी सगळी पानं काढली तर नागअळीने केलं नसतं एवढं नुकसान आपण करतो, वर परत नवी कोवळी फूट येते ती वेगळीच. कुंडीत एक-दोनच झाडं असतील आणि काठाच्या घडीत जिवंत कोष असतील तर ती घडी बोटाने चिमटून दाबा, पान तसंच राहू द्या.

सहावी: ती येते कुठून

पतंग नाजूक असतो, स्वतःच्या पंखांनी लांब जात नाही, पण वाऱ्याबरोबर जातो आणि आजूबाजूला लिंबूवर्गीय झाडं असतील तर येतच राहणार. बेल आणि कुंतीसारख्या त्याच कुळातल्या झाडांवरही तो नोंदवलेला आहे, तेव्हा कुंपणाची कुंतीसुद्धा बघून घ्या. आसपासची सगळी झाडं साफ करून किडीचा समूळ नायनाट करायचा विचार सोडून द्या, ते होत नाही.

लांबचा प्रवास मात्र माणसामुळे होतो. रोपांच्या पानांच्या घडीत कोष बसलेला असतो, आठवडा दोन आठवडे काही न खाता टिकतो, आणि रोप जिथे जाईल तिथे पतंग बाहेर येतो. ही कीड मुळात आशियातली. मे 1993 मध्ये ती अमेरिकेत फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला सापडली आणि वर्ष संपायच्या आत सगळ्या राज्यात पोचली होती. त्याच वर्षी स्पेनमध्ये दिसली, पुढच्या काही वर्षांत भूमध्य समुद्राभोवतीचे लिंबूवर्गीय बागांचे देश तिने व्यापले, 1996 मध्ये ब्राझील आणि 2000 मध्ये कॅलिफोर्निया. एवढ्या कमी काळात एवढा प्रसार होतो म्हटल्यावर एका नवीन रोपाकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

म्हणून नवीन रोप आणलं की काठाच्या घड्या तपासा, तीन-चार आठवडे बाकीच्या झाडांपासून लांब ठेवा. एवढ्या काळात गरम हवेत एक पूर्ण चक्र होऊन जातं, काय असेल ते समोर येतं. फळांतून ही कीड सहसा पसरत नाही, पानं-देठ लागलेली फळं असली तर तेवढी पानं काढून टाका.

सातवी: जाळी आणि सापळे

कुंडीतली मोजकी झाडं असतील तर डोळे फुटायला लागले की बारीक कीटकरोधक जाळी घाला आणि पानं कडक झाल्यावर काढा. मच्छरदाणीची नेहमीची जाळी चालणार नाही, पंख मिटलेला पतंग 2 मिलिमीटरचा असतो, तो तिच्यातून आरामात जातो. जाळी घालण्याआधी झाडावर जिवंत अळी-कोष नाही ना ते बघा, नाहीतर आतच वसाहत होईल. झाडाला फुलं असतील तेव्हा मधमाश्यांचाही विचार करा.

पिवळे चिकट सापळे यासाठी विकत घेऊ नका. कामगंध सापळे मिळतात, मादीच्या वासाचं ल्युअर असतं, त्यात फक्त नर अडकतात. त्याने कीड आटोक्यात येत नाही, पण पतंगांची संख्या कधी वाढतेय ते कळतं आणि ती वाढ तुमच्या नवतीच्या वेळेशी जुळतेय का तेही कळतं. मोठ्या बागेला उपयोगी, एका झाडाला नाही.

आठवी: औषध, पण या क्रमाने

इथवर येऊन झाड लहान आहे, अळ्या जिवंत आहेत, मित्रकीटक दिसत नाहीत आणि नवी पालवी नुकती फुटतेय, एवढं सगळं जुळलं तरच पुढे जा.

सगळ्यात आधी बागकामाचं खनिज तेल किंवा निम तेल. तेलाचं मुख्य काम अळी मारणं नाही, तेलाचा पातळ थर असलेल्या पानावर मादी अंडी घालायला टाळते, म्हणून ते आधी मारावं लागतं, रेघ दिसल्यावर नाही. शेंडे 1 सेंटिमीटरच्या आत असताना पहिली फवारणी आणि मग पानं 4 सेंटिमीटरच्या वर जाईपर्यंत आठवड्या-दहा दिवसांनी परत, कारण मधल्या काळात फुटलेल्या नवीन पानांवर तेल नसतंच. खनिज तेलाचं प्रमाण साधारण अर्धा टक्का, म्हणजे लिटरला 5 मिली, पण तुमच्या बाटलीच्या लेबलवर वेगळं लिहिलं असेल तर लेबल ऐका. पानाची खालची बाजू भिजलीच पाहिजे. कडक उन्हात, 35 अंशांच्या वर, किंवा झाड पाण्याविना मलूल असताना तेल मारू नका, पानं भाजतात. गंधक मारलं असेल तर तेलाआधी दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

त्याने भागलं नाही तर स्पिनोसॅड नावाचं कीटकनाशक. हे पानाच्या वरच्या थरात थोडं उतरतं, म्हणून कोवळ्या अळीपर्यंत पोचतं, पण एक-दोन आठवड्यांत असर संपतो. फवारा ओला असताना मधमाश्यांना ते घातक आहे, तेव्हा संध्याकाळी, माश्या परतल्यावर, आणि फुलोऱ्यात नाहीच. घडीत बसलेल्या कोषावर याचाही उपयोग नाही, तेवढ्यासाठी डोस वाढवू नका.

शेवटचा पर्याय मुळाशी आळवणी, इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही औषध. ते मुळांतून वर चढून कोवळ्या पानात जातं आणि अळी पान खाताना मरते, लहान झाडावर असर एक ते तीन महिने टिकतो. पण वर चढायला एक-दोन आठवडे लागतात, त्यामुळे पालवी फुटायच्या आधी द्यावं लागतं. फुलोऱ्याच्या आधी आणि फुलोऱ्यात बिलकुल नाही, ते फुलांच्या रसात आणि परागात उतरतं आणि मधमाश्यांना मारतं. युरोपियन युनियनने 2018 मध्ये याचा उघड्यावरचा वापर बंद केला, बाकी ठिकाणी नियम वेगवेगळे, तेव्हा तुमच्याकडे लिंबूवर्गीय झाडाला परवानगी आहे का ते लेबलवर आधी वाचा, आणि फळ खाणार असाल तर तोडणीआधी किती दिवस थांबायचं तेही तिथेच लिहिलेलं असतं. मोठ्या झाडाला आळवणी करू नका, तेवढ्या पसाऱ्यात ते पुरेसं पोचत नाही आणि मातीत मात्र औषध जातं.

एकच औषध दर नवतीला मारत राहू नका. पुढच्या वेळी रासायनिक गट बदला, नुसतं कंपनीचं नाव नाही, लेबलवर गटाचा क्रमांक असतो तो बघा.

कधी थांबायचं आणि जाणकाराला बोलवायचं

पानांवर, काड्यांवर, फळांवर उंचवटा असलेले खरखरीत, बुचासारखे ठिपके आणि त्यांच्याभोवती पिवळं कडं दिसलं तर तो खैऱ्या रोग असू शकतो, झँथोमोनास नावाच्या जिवाणूचा. नागअळी हा रोग स्वतः घेऊन फिरत नाही, पण तिने फोडलेल्या थरातून पावसाच्या पाण्याबरोबर जिवाणू सहज आत शिरतो आणि रेघांच्या वाटेने पसरतो. अशा वेळी ओल्या झाडाला हात लावू नका, कात्री लावू नका, लगेच कृषी अधिकाऱ्याला कळवा.

सिला दिसला, किंवा पानावर मधल्या शिरेच्या दोन बाजूंना न जुळणारा डागाळ पिवळेपणा, एका बाजूला वाकडी वाढलेली फळं, एकेक फांदी वाळत जाणं असं काही असेल तर ग्रीनिंगची, म्हणजे सिला पसरवतो त्या रोगाची, शंका घ्या. त्यावर घरचा इलाज नाही, आणि बऱ्याच देशांत ते कळवणं बंधनकारक आहे.

तुमच्या भागात ही कीड आजवर कधी नव्हती आणि आता पहिल्यांदा दिसतेय, तरीही कळवा. रोपवाटिका किंवा नव्याने लावलेली मोठी बाग असेल आणि ओळीने नवत्या खराब होत असतील, तर घरगुती उपायांत मोसम घालवू नका, कीटकशास्त्र जाणणारा माणूस प्रत्यक्ष बागेत आणा. दोन वेगळ्या गटांची औषधं बरोबर वेळी, बरोबर मात्रेत मारूनही नवीन पानांत जिवंत अळ्या सापडत असतील तर तिसरं औषध आणू नका. त्याच्याही पुढे, अबामेक्टिनसारखी औषधं मारायची वेळ आली आणि मास्क, हातमोजे, पूर्ण कपडे, मोजमाप यातलं काही तुमच्याकडे नसेल, तर ते काम तुमचं नाही, प्रशिक्षण घेतलेल्या माणसाला द्या.

जाणकाराकडे जाताना काय न्यायचं तेही सांगतो. नवतीच्या तारखा, काय मारलं आणि कधी मारलं, पानाच्या दोन्ही बाजूंचे जवळून काढलेले फोटो, त्यात एखादी फूटपट्टी ठेवून काढलेला एक. खैऱ्या किंवा ग्रीनिंगची शंका असेल तर पानं-काड्या पिशवीत घालून स्वतः घेऊन फिरू नका, आधी फोन करून नमुना कसा पाठवायचा ते विचारा.